आधी माती भिजवा, मग मशीनला हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदुरात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी, सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन, सांवेरकडच्या शेतातली दोन पोती काळी माती, आणि हाताशी ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार. त्यात पडदे, उशांचे अभ्रे आणि छोटी बाग, तिन्ही हवंय.

पडदे या खेपेला सोडा. लांब सरळ शिलाईत नवा हात कापड ओढतो आणि खाली पडद्याची दोन टोकं वेगळ्या उंचीवर लोंबतात. त्यापेक्षा बागेच्या पिशव्याच घरी शिवा. टीप जराशी वाकडी गेली तरी झाडाची तक्रार नसते.

शनिवारी सकाळी आधी वाट बघायला लावणारी कामं उरका. अभ्र्यांचं सुती कापड भिजवून वाळत घाला. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. न धुता शिवलेला अभ्रा मग उशीवर चढत नाही. दुसरं काम मातीचं.

माळव्याची काळी माती शेतात सोनं असली तरी कुंडीत नुसती भरली की डोकेदुखी. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि पिशवीच्या कडेपासून बोटभर सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. बाल्कनीत पाणी वाहताना दिसतं म्हणून आपण समाधानात असतो, पण मधला गोळा कोरडा ठणठणीत असतो आणि रोप सुकतं. म्हणून एक तगारी काळी माती, एक तगारी जाडी रेती, एक तगारी पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि अर्धी तगारी भिजवून फुगवलेला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), असं मिश्रण करा. रेती जाडीच हवी. प्लास्टरची बारीक रेती चिकणमातीत मिसळली की ढेकूळ आणखी घट्ट होतो. ढेकळं फोडून, मिश्रण ओलसर करून, पोत्याने झाकून रविवारपर्यंत ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, इतपतच ओल.

स्वयंपाकघरातली ताजी सालं मात्र त्यात घालू नका. ती पिशवीत कुजताना तापतात, मुळांच्या वाट्याचा नत्र ओढून घेतात आणि चिलटं येतात. कंपोस्टच करायचं तर आपल्या गावाचीच पद्धत आहे: ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथे बसवलेली, जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी. ओला-सुका पाला, शेण आणि थोडी माती यांचे थर, अधूनमधून पालटणं, आणि साधारण तीन महिने. या शनिवार-रविवारात ते बसत नाही.

आता पिशवी. ताडपत्री २०० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे वजन ग्रॅममध्ये) वरचीच घ्या. पातळ निळी एका उन्हाळ्यात पापडासारखी तुटते. तागाचं पोतं किंवा जुनी जीन्स ओल्या मातीत कुजते. बारा इंच लांब-रुंद-उंच पिशवीसाठी ४९ बाय २० इंचांचा तुकडा कापा. लांबीची दोन टोकं जुळवून अर्ध्या इंचावर टीप मारा की नळी होते. मग खालचं तोंड तसंच अर्ध्या इंचावर शिवा. खालचा प्रत्येक कोपरा त्रिकोणी चिमटीत धरा, टोकापासून सहा इंच मोजून आडवी रेघ आखा. रेघ बरोबर बारा इंच भरली पाहिजे. तिच्यावर दोनदा टीप घाला आणि बाहेरचं टोक आत दुमडून ठेवा. वरची कड दीड इंच दुमडून शिवा.

सुई १६ नंबरची, जमल्यास १८. जुनी सुई दुकानात दाखवूनच घ्या, कारण जुन्या मशीनला गोल मुठीची (मशीनमध्ये बसणारं जाड टोक) लागते की चपट्या, हे नुसतं सांगून कळत नाही. दोरा पॉलिएस्टरचा, सुती ओलीने कुजतो. टाका लांब ठेवा, चार मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्याने ताडपत्रीला जवळजवळ भोकं पडतात आणि माती भरली की ती टपाल तिकिटासारखी रेघेवरच फाटते. कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाखाली, म्हणजे फूटखाली, ताडपत्री चिकटून सरकत नसेल तर वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, नंतर ओढून काढा. खालून दोऱ्याचं घरटं होत असेल तर बॉबिनला (खालच्या दोऱ्याच्या रिळाला) दोष देऊ नका. बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्यांत बसलेला नसतो. फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवा.

पाणी निघायला तळापासून इंचभर वर, चारही बाजूंना, तापवलेल्या खिळ्याने पेन्सिलएवढी भोकं पाडा. कड वितळून पक्की होते, कात्रीने पाडलेलं भोक चिरत जातं. दहा इंच मातीची ओली पिशवी तीसेक किलो भरते, म्हणून रेलिंगवर नाही, भिंतीलगत ठेवा.

अभ्रे संध्याकाळी. सोळा इंची उशीला १७ बाय ३८ इंचांची पट्टी, दोन्ही आखूड टोकं इंचभर दुमडून शिवलेली. सुलट बाजू आत ठेवून दोन्ही टोकं चार इंच एकमेकांवर घ्या आणि दोन्ही बाजूंना अर्धा इंच शिवा. चेन लावण्याची कटकट नाही.

रविवारी माती भरून पेरा. मेथी सहा-सात तास भिजवून दाट पेरा, महिनाभरात हाताशी येते. पालक रात्रभर भिजवून इंच-इंच अंतरावर. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करा आणि भिजवा. दहा-बारा दिवस काहीच दिसलं नाही तरी माती उकरू नका. टोमॅटोचं मात्र नर्सरीतलं रोप आणा, एका पिशवीत एकच. नर्मदेचं नळाचं पाणी एक दिवसाआड येत असेल तर बादली भरून ठेवा, आणि पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. आत गार लागलं तर त्या दिवशी पाणी नको.