पहिल्यांदाच फिजिओथेरपीला जाणार आहे. काय न्यावं, दुखतं का, किती दिवस लागतात?

न्यायचं काय ते आधी सांगून टाकते. जुने एक्स-रे, एमआरआय, चालू गोळ्यांची यादी, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड. गुडघा असेल तर मांडीपर्यंत वर सरकेल असा पायजमा, खांदा असेल तर सैल, बिनबाह्यांचं काहीतरी. मी कोपरापर्यंत घट्ट बाह्यांचा ब्लाउज घालून गेले होते, तपासायला खांदाच उघडा होईना.

तीन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात मागे जाईना, दोरीवर चादर टाकायची तर डाव्या हाताने. दादा म्हणाला, "फिजिओ कशाला? एक झटका दिला की मोकळा होईल." आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले. आजोबा जुम्मादादा व्यायाममंदिरात (आखाड्यात) जाणारे, तिथले वस्ताद प्रो. माणिकराव यांनी कुणाचं हाड कसं बसवलं हे ऐकतच आम्ही मोठे झालो. दादाने कुठूनसा एक मालिशवाला घरी आणला. त्याने दंड धरून हिसका दिला आणि पुढच्या चार रात्री मी खुर्चीत बसून काढल्या.

मग घराजवळच्या एका क्लिनिकात गेले. दहा दिवस तेच: पट्ट्या चिकटवायच्या, मुंग्या येऊ द्यायच्या, जेल लावून अल्ट्रासाउंड फिरवायचा, पैसे द्यायचे, घरी. हात किती वर जातो हे एकानेही पाहिलं नाही. यालाच फिजिओथेरपी म्हणतात असं मी समजत होते.

दुसरीकडे माझ्या लेकीच्या वयाची मुलगी होती. तिने गुजरातीत पहिलं विचारलं, "मासी, शुगर छे?" म्हणजे मावशी, साखरेचा त्रास आहे का? मी म्हटलं, थोडी. तिने रिपोर्ट मागितला. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, साडेआठ! ही 'थोडी' मी आधीच्या क्लिनिकात सांगितलीच नव्हती. मधुमेहींना फ्रोझन शोल्डर, म्हणजे असा आखडलेला खांदा, जास्त होतो आणि सुटायलाही जास्त वेळ घेतो, हे तेव्हा कळलं. मग तिने कंपासपेटीतल्यासारखा, पण दोन लांब पट्ट्यांचा कोनमापक काढला. हात बाजूने वर 80 अंश. कोपर कुशीला चिकटवून पंजा बाहेर वळवायचा तर जेमतेम 10. वहीत तारीख घालून लिहिलं. मला एकदम परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

मशीन तिनेही लावलं, पण दहाच मिनिटं. बाकी सगळा व्यायाम, आणि घरी रोज तीनदा. वाकून हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा. टॉवेल पाठीमागे धरून वर ओढायचा. भिंतीवर बोटांनी चढायचं. हे मी स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी करायचे, कारण तिथे मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. त्यांच्या शेजारी पेन्सिलने माझ्या. पहिल्या महिन्यात चार बोटं वाढले मी!

दुखतं का? दुखतं. व्यायामानंतरचा ठणका तासा-दोन तासांत उतरला तर चालेल, सकाळपर्यंत राहिला तर लपवू नका, सांगा. किती दिवस, हे दुखण्यावर आहे. माझे सात महिने गेले, काहींना वर्षाच्या वर लागतं. दहा सिटिंगची हमी देणाऱ्याकडून उठून या. पहिल्या दिवशी मोजमाप नाही आणि घरचा व्यायाम नाही, तर तिथे तुम्ही पैसे देऊन झोपायला जाताय.

मशीन अगदीच टाकाऊ नाही हो, दुखणं जरा कमी झालं की हात हलवायची हिंमत येते. पेसमेकर, पोटात बाळ, कर्करोग, शरीरात धातूची पट्टी, यातलं काही असेल तर मशीन लावण्याआधीच सांगा. आणि जुन्या हाडवैद्यांना मी नावं ठेवत नाही. निखळलेला सांधा बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण माझा सांधा निखळलाच नव्हता, त्याच्या भोवतीचं आवरण आखडलं होतं. जे जागेवरच आहे ते हिसक्याने बसवणार कुठे? हे मी दादाला तीन वर्षं सांगतेय.

आता त्याचाच गुडघा बदललाय. रोज शेकाची पिशवी ठेवून टीव्ही बघतो आणि म्हणतो, फिजिओ चालू आहे. दादा, हे वाचत असशील तर गुडघा किती अंश वाकतो ते खाली लिही. आकडा लिही, 'बरं आहे' नको.