अमेरिकन गायक मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बम एवढा नावाजतात, पण मला नुसताच गोड वाटला. कसा ऐकावा?

सुटी गाणी निवडू नका, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐका; जेमतेम ३५ मिनिटं लागतात. १९७१ च्या या अल्बममधली बरीच गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्येच थांबलं की रंग जातो. आधी गळ्याकडे लक्ष द्या. मार्विनने स्वतःचाच आवाज एकावर एक ध्वनिमुद्रित केलाय: एक आवाज ओळ म्हणतो, दुसरा मागून साद देतो. ही गॉस्पेलची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांची रीत. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे तो लहानपणापासून चर्चमध्ये गायचा. यात जॅझचाही रंग आहे; तो शोधायचा तर शीर्षकगीत घ्या. सुरुवातीला इलाय फाँटेनचा सॅक्सोफोन आहे आणि जेम्स जेमरसनचा बास (खालच्या सुरांची गिटार) नुसता ठेका धरत नाही, गाण्याखालून स्वतःची चाल विणत राहतो. इतका सुंदर बास फार कमी ऐकायला मिळतो! मोबाइलच्या स्पीकरवर मात्र तो हरवतो, हेडफोन लावाच. पण केवळ सुरांवर गेलात तर अल्बम पुन्हा गोडच वाटेल. मार्विनचा भाऊ व्हिएतनाम युद्धावरून परतला होता. तशाच एका सैनिकाच्या नजरेतून ही गाणी देशाकडे बघतात. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना शब्द समोर ठेवा.