इतिहास घेतला म्हणून डॉक्टरकी हुकत नाही

सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीहून आलेल्या तुमच्या पत्राचा आशय इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमची मुलगी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे डॉक्टर व्हायचे आहे, परंतु मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून इतिहास घ्यायचा आहे. ‘बायोलॉजी सोडलीस तर मेडिकल विसर,’ असे तिच्या वडिलांनी तिला सुनावले असून, आपली बाजू घ्यावी अशी गळ दोघांनीही तुम्हाला घातली आहे. पहिल्या वर्षी तिला इतिहासात ए आणि केमिस्ट्रीत बी मिळाला, हेही तुम्ही ओघात लिहिले आहे.

तुमच्या यजमानांची भीती खोटी नाही, पण ती इथून तिकडे नेलेली आहे. त्यांच्या वेळी महाराष्ट्रात अकरावीला बायोलॉजी सोडली की मेडिकलचा रस्ता तिथेच संपत असे, कारण एमबीबीएसचा प्रवेश थेट बारावीनंतरच होई. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि नंतर चार वर्षांचे मेडिकल स्कूल अशी रचना असल्यामुळे पदवी अमुकच विषयात हवी असा आग्रह सहसा धरला जात नाही. पाहिले जातात ते ठरावीक कोर्स. बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेसह बायोलॉजी, जनरल व ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, शिवाय बायोकेमिस्ट्री लागते, आणि हे सारे इतिहासाची पदवी घेता घेता पूर्ण करता येते. १९८९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्यांपैकी हॅरॉल्ड व्हार्मस यांनी मेडिकलला जाण्याआधी इंग्रजी साहित्यात एम.ए. केले होते. यजमानांना मराठी नावच हवे असेल, तर शल्यविशारद अतुल गवांदे यांनी स्टॅनफर्डला बायोलॉजीच्या जोडीने राज्यशास्त्र घेतले आणि ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र शिकून मग ते हार्वर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये गेले.

मला काळजी वाटते ती इतिहासाची नव्हे, त्या ‘बी’ची. मेडिकलच्या अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते, त्यामुळे इतिहासातल्या ‘ए’ने एकूण सरासरी सावरली तरी ही दुसरी सरासरी सावरत नाही. एक बी म्हणजे काही आभाळ कोसळले नाही; मात्र तो का मिळाला, हे तिला मोकळेपणाने विचारा. पहिल्या सत्रात घडी बसायला वेळ लागला असेल, तर ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या गुणांत सुधारणा दिसेल. केमिस्ट्री तिला मुळातच नकोशी वाटत असेल, तर बायोलॉजी मेजर घेतल्याने विज्ञानाचे कोर्स वाढतील आणि मनाविरुद्ध केलेल्या प्रत्येक कोर्सगणिक तीच सरासरी आणखी खाली येईल. तसे असेल तर प्रश्न मेजरचा राहत नाही, डॉक्टर व्हायची इच्छा नेमकी कोणाची, असा होतो.

प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमकॅटमध्ये, चारपैकी एक विभाग केवळ उतारे वाचून युक्तिवाद पारखण्याचा असतो आणि ते उतारे मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतले असतात. इतिहासाच्या विद्यार्थिनीला त्याची सवय असते. उरलेले तीन विभाग मात्र तिला कोणीही सूट देऊन सोडणार नाही.

घरात कोणी न विचारलेला एक प्रश्न मी विचारते. मेडिकलला प्रवेश मिळालाच नाही, तर? अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या वर्षी कुठेच प्रवेश मिळत नाही, आणि नुसत्या बायोलॉजीच्या पदवीवर चांगली नोकरी हमखास मिळते हा समज मला पटत नाही. म्हणून माझे मत तुमच्या मुलीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: मेजर जाहीर करण्याआधी तिने विद्यापीठातल्या प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या पूर्वतयारीच्या, सल्लागाराला भेटून कोणता कोर्स कोणत्या सत्रात करणार याचा तक्ता आखावा आणि तो वडिलांना दाखवावा. त्यांना वादापेक्षा तक्ता लवकर पटेल, असा माझा अंदाज आहे.

तिच्या नागरिकत्वाविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. ती तुमच्या एच-वन व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, अवलंबून राहत असेल, तर एकविसाव्या वर्षी तो आधार संपतो, आणि व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचे अर्ज तिथली अनेक मेडिकल स्कूल्स स्वीकारतच नाहीत. तसे असल्यास मेजरचा वाद बाजूला ठेवून आधी इमिग्रेशनच्या वकिलाची वेळ घ्या.