पेवातली हळद आणि नळीतला आकडा

सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

एचआयव्ही रुग्णांच्या रक्तातल्या आयएल-६ वर, म्हणजे शरीरात दाह झाला की वाढणाऱ्या इंटरल्युकिन-६ या प्रथिनावर, प्रोजेक्ट घेतेस म्हणून बरं वाटलं. पण 'हे प्रथिन वाढलं म्हणजे एचआयव्ही बळावला' हे पहिल्याच पानावरचं वाक्य आधी खोड. दाढ सुजली, साधा फ्लू झाला, तरी आयएल-६ चढतं.

मग ते मोजायचंच कशाला? एचआयव्हीची औषधं अधूनमधून थांबवून बघणाऱ्या 'स्मार्ट' या चाचणीतले साठवलेले नमुने २००८ साली तपासले गेले. ज्यांचं आयएल-६ आणि डी-डायमर (रक्ताच्या गाठी विरघळताना उरणारा प्रथिनाचा तुकडा) सुरुवातीलाच जास्त होतं, त्यांच्यात पुढे मृत्यू जास्त झाले. औषध थांबवलेल्यांत तर महिन्याभरात दोन्ही वाढली. पण हे हजारोंच्या गटाचं झालं. समोर बसलेल्या एका माणसाचं भविष्य त्यावरून सांगू नकोस.

हरिपूरची पेवं, हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, तू पाहिली आहेस. वर नुसतं रान, खाली हळद. एचआयव्हीचंही तसंच. गोळ्या नियमित घेतल्या की रक्तात विषाणू सापडत नाही, पण झोपी गेलेल्या सीडी४ पेशींत (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींत) तो तसाच दडलेला असतो. शिवाय संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी४ पेशींची धूळधाण झालेली असते. अस्तर गळकं होतं, जंतूंचे तुकडे रक्तात झिरपतात, आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशी सीडी१४ हे दाह दाखवणारं प्रथिन सोडत राहतात. म्हणून व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, रिपोर्ट चांगला आला तरी ही प्रथिनं बऱ्याचदा पूर्ण खाली येत नाहीत. तुझा खरा प्रश्न इथे आहे, तो धर.

आता नळीचं. लोडशेडिंगच्या दिवसांत एकदा माझे नमुने दुपारभर टेबलावर राहिले. आकडे उसळले आणि मी मोठा शोध लागल्यासारखा आठवडाभर मिरवलो! नळीतल्या पेशी जिवंत असतात गं, त्या सायटोकाइन (आयएल-६ सारखी निरोप देणारी प्रथिनं) सोडतात आणि गिळतातही. सगळ्यांचं रक्त सकाळी एकाच सुमारास घे. लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव, छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेव. एकदा वितळवलेली नळी परत गोठवायची नाही. ताप-खोकला, हिरड्या, वजन, सिगारेट हे सगळं विचारून लिहून ठेव, नाहीतर तुझा तक्ता दाढदुखीचा व्हायचा.

जतहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या माणसाला रक्त दिल्यावर आधी चहा पाज. संमतीचा कागद मराठीत हवा, आणि तो वाचून दाखवायचा. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तू वाचला असशीलच.

शनिवारी ये, सेंट्रिफ्यूज लावून दाखवतो. मागच्या वेळी नळ्यांवर नावं होती. या वेळी फक्त कोड घालून आण.

तुझा,
काका