भराव पडण्याआधी आणि पडल्यानंतर: कोकणातील पाणथळ जागांविषयी वाचकांचे प्रश्न

कोकणाच्या किनारी तालुक्यांतून या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात ‘भराव सुरू झाला आहे’ अशीच असते. पाणथळ जागा गावाला एकसंध दिसते, कायद्याला मात्र ती वेगवेगळ्या खात्यांत वाटलेली दिसते. खाजण, म्हणजे खाडीकाठची भरतीच्या पाण्याची दलदल, एका अधिसूचनेखाली येते, तळे दुसऱ्या नियमांखाली, नदीकाठ तिसऱ्या आदेशाखाली, आणि सड्यावरचे, म्हणजे कातळाच्या पठारावरचे, पाणी तर बऱ्याचदा कशाखालीच येत नाही. म्हणून तक्रार कोणाकडे करावी, या प्रश्नाआधी आपले पाणी कायद्याच्या लेखी नेमके कोणते, हे ठरवावे लागते. पुढील उत्तरांत शक्य तेथे तेवढे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न: आमच्या गावाजवळच्या खाजणात रात्रीच्या वेळी डंपरने मुरूम टाकला जात आहे. ग्रामपंचायत म्हणते की जागा खाजगी आहे आणि तिवरे कोणी तोडलेली नाहीत. आम्ही काय करावे? (अलिबाग तालुका)

ग्रामपंचायतीची दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालानुसार कांदळवनांचे, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीचे, संरक्षण जमिनीच्या मालकीवर किंवा क्षेत्रफळावर अवलंबून नाही, आणि कांदळवनाच्या सर्व बाजूंनी पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई आहे. केंद्राच्या २०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत हा पट्टा एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनापुरताच सांगितला आहे. विकासकांचे सल्लागार नेमके तेवढेच कलम पुढे करतात. महाराष्ट्रात उच्च न्यायालयाचा निकाल लागू आहे, हे आपल्या तक्रारीत स्वच्छ लिहावे.

‘तिवरे तोडली नाहीत’ या म्हणण्याकडे तर विशेष लक्ष द्यावे. तिवर मारण्यासाठी कोयता लागत नाही. चिखलातून वर आलेली श्वासमुळे मुरुमाखाली गाडली गेली, किंवा भराव टाकून भरतीचे पाणी येण्याची वाट बंद केली, की झाडे उभ्या उभ्या वाळतात आणि काही महिन्यांनी ‘येथे कांदळवन नव्हतेच’ असे म्हणायला जागा तयार होते. म्हणून पुराव्यासाठी झाडांच्या छायाचित्रांइतकीच पाण्याची छायाचित्रे महत्त्वाची आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी कोठवर चढते आणि ओहोटीला ते कोणत्या वाटेने उतरते, हे तारीख, वेळ व गट क्रमांकासह टिपून ठेवावे. उपग्रह नकाशांच्या संकेतस्थळांवर त्याच जागेची जुन्या वर्षांची चित्रेही मिळतात. भरावाआधीची स्थिती दाखवणारा याहून स्वस्त साक्षीदार नाही.

तक्रार लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. तहसीलदारांकडे पंचनाम्याची मागणी करावी, आणि प्रत वन विभागाच्या कांदळवन कक्षाला व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय किनारी समितीला द्यावी. या समितीवर पारंपरिक किनारी समाजाचे, म्हणजे मच्छीमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असावेत अशी तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात ते कोण आहेत हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कांदळवन संरक्षणाची जी समिती आहे, तिच्याकडेही प्रत पाठवावी. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार, कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तर, भरतीरेषेखालील खाडीचे पात्र राज्य शासनाच्या मालकीचे असते. सातबारा दाखवला म्हणून भरतीच्या पाण्याखालची जमीन खाजगी ठरत नाही.

एक मुदत मात्र चुकवू नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे कलम १४ खाली अर्ज करायचा तर वादाचे कारण प्रथम निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, आणि सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. जागा पूर्ववत करून मागण्याच्या अर्जाला कलम १५ खाली पाच वर्षांची मुदत आहे. महाराष्ट्रासाठीचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागितलेली नसेल तर अर्जाचे शुल्क एक हजार रुपये असते आणि अर्जदार स्वतःची बाजू स्वतः मांडू शकतो. कार्यालयांच्या फेऱ्या मारण्यात सहा महिने कधी सरतात हे कळत नाही, म्हणून पहिल्या डंपरची तारीख वहीत लिहून ठेवावी.

दंडाने भराव थांबेल अशी फार आशा मी देणार नाही. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमातील कैदेच्या शिक्षेच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. समुद्राकाठच्या गुंठ्याचा आजचा भाव पाहता ही रक्कम प्रकल्पाच्या खर्चात सहज मुरते. जागा पूर्ववत करण्याचा आदेश मिळवणे हाच खरा बंदोबस्त आहे.

प्रश्न: आमची वडिलोपार्जित भातशेती खार बंदिस्तीखाली होती. बांध फुटला, दुरुस्ती झाली नाही, शेतात खारे पाणी शिरले आणि आता तिवरे उगवली. वन विभाग म्हणतो की हात लावू नका. पर्यावरणाचे रक्षण करायचे ते आमच्याच शेतावर काय? (पेण तालुका)

आपला राग रास्त आहे आणि संवर्धनाच्या चळवळीने तो पुरेसा ऐकलेला नाही, असे मला वाटते. खारेपाटातील शेती ही समुद्राला मागे सारून पिढ्यान्‌पिढ्या राखलेली शेती आहे. बांध, उघाडी (बांधातून पाणी बाहेर सोडणारी झडपेची वाट) आणि दरवर्षीची डागडुजी यांवर ती उभी असते. याच खारेपाटातील चरी-कोपरच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. त्यामुळे जमीन हातची जाणे म्हणजे काय, हे या मातीला समजावून सांगावे लागत नाही.

कायद्याची स्थिती अशी की शेतात तिवरे वाढली असतील तर ती तोडणे हा गुन्हा ठरू शकतो. उच्च न्यायालयाच्या निकालातील अपवाद सार्वजनिक हिताच्या कामांपुरता आहे आणि त्यासाठीही न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून स्वतः कोयता घेऊ नका, आणि ‘आम्ही परवानगी आणतो, तुम्ही जमीन द्या’ म्हणणाऱ्या दलालाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. फुटलेल्या बांधाआतील निरुपयोगी ठरलेली जमीन मातीमोल भावाने कोण घेऊ पाहत आहे, याकडे गावाने डोळे उघडे ठेवून पाहावे.

आपल्या हाती उरते ते दोन आघाड्यांवर. जेथे तिवरे अजून आलेली नाहीत, तेथे वेळ दवडू नये. खार बंदिस्तीच्या योजना शासकीय व खाजगी अशा दोन प्रकारच्या असतात. आपली कोणती हे खारभूमी विभागाकडून लेखी घ्यावे. योजना शासकीय असेल तर देखभालीची जबाबदारी विभागाची आहे. माहितीच्या अधिकारात बांधाच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके, मंजुरीच्या तारखा आणि झालेला खर्च मागावा. दहा रुपयांच्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि न दिल्यास पहिले अपील करता येते. जेथे तिवरे वाढली आहेत, तेथे तहसीलदार व कृषी विभागाकडून संयुक्त पंचनामा करून घ्यावा. त्यात बांध कधी फुटला, दुरुस्तीची मागणी कधी केली आणि पीक कोणत्या हंगामापासून बुडाले, हे नोंदवले जावे. बांध न राखल्याने झालेल्या नुकसानीची भरपाई मागताना हाच कागद उपयोगी पडेल.

बांध सांधला गेला तरी क्षार धुऊन जायला काही पावसाळे लागतात. मधल्या काळासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून आलेली ‘पनवेल’ मालिकेतील क्षार सहन करणारी भाताची वाणे विचारात घ्यावीत. उघाडीची झडप मात्र बांधाआधी पाहावी. बांध धडधाकट आणि झडप कुजलेली, ही खारेपाटातील नित्याची गोष्ट आहे.

प्रश्न: गावच्या जुन्या तलावाचे सुशोभीकरण मंजूर झाले आहे. काठाला काँक्रीटची भिंत, फरशीचा रस्ता आणि दिवे. गावात दोन तट पडले आहेत. तलाव मानवनिर्मित असल्याने पाणथळ जागेचे नियम लागत नाहीत, हे खरे का? (मालवण तालुका)

अर्धे खरे आहे. २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियमांतून पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यपालन, मीठ उत्पादन आणि करमणूक यांसाठी खास बांधलेले जलसाठे वगळले आहेत, तसेच नद्यांची पात्रे आणि भातखाचरेही. माझ्या मते ही वगळणूक कोकणासाठी घातक आहे, कारण येथील कित्येक जुनी तळी शेतीसाठीच बांधली गेली आणि शतकांच्या काळात ती पूर्णपणे निसर्गाची झाली. आपल्याच तालुक्यातील धामापूरचा तलाव त्याचे ठळक उदाहरण आहे. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत घेतले, तेही सिंचनासाठी बांधलेला तलाव म्हणूनच.

तरीही मार्ग आहेत. इस्रोच्या अवकाश उपयोजन केंद्राने केलेल्या राष्ट्रीय यादीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळ जागा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये अशा दोन लाखांहून अधिक जागांना संरक्षण दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या प्रत्यक्ष पाहणीचे व सीमांकनाचे काम पूर्ण करण्याचे आदेश राज्यांना दिले. आपला तलाव त्या यादीत आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे विचारावे. लहान तळ्यांसाठी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. गावच्या सामायिक जागेवरील, त्यात तळ्यावरील, अतिक्रमण पैसे भरून नियमित करता येत नाही, असा त्याचा आशय आहे.

गावातील दोन तटांबद्दल एवढेच सुचवतो की दिव्यांवर वाद घालू नका, भिंतीवर घाला. तिरका मातीचा काठ पाण्याची पातळी खाली-वर होताना बेडकांना, पाणकोंबड्यांना आणि गुरांनाही वापरता येतो. उभ्या भिंतीने तो कायमचा जातो, आणि भोवतालच्या विहिरींकडे झिरपणाऱ्या पाण्यालाही अडथळा होऊ शकतो. गाळ काढणे, पायऱ्या नीट करणे, सांडव्याची दुरुस्ती ही कामे त्याच निधीतून मागता येतील.

प्रश्न: आमच्या सड्यावर पावसाळ्यात पाण्याची मोठी डबकी साचतात, फुले येतात, पुढे सारे वाळून जाते. तेथे चिरेखाण येणार आहे. याला पाणथळ जागा म्हणता येईल का? (राजापूर तालुका)

नियमांतील व्याख्येत कायम आणि तात्पुरती अशी दोन्ही प्रकारची पाण्याची ठिकाणे येतात. त्यामुळे म्हणता नक्कीच येईल. अडचण अशी की नियम प्रत्यक्षात लागू होतात ते रामसर स्थळांना, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतील ठिकाणांना, आणि शासनाने अधिसूचित केलेल्या जागांना. राष्ट्रीय यादीचे किमान माप सव्वादोन हेक्टर असल्याने सड्यावरची बहुतेक पाणी साचणारी ठिकाणे तीत सापडणार नाहीत. महसुली दप्तरात तर सडा पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून पडून असतो. चार महिने गेंदाची आणि सीतेच्या आसवांची फुले अंगावर मिरवणारी, आणि झिरपलेल्या पाण्याने पायथ्याच्या वाड्यांचे झरे जिवंत ठेवणारी जमीन ‘खराब’ ठरवणाऱ्या नोंदीपासूनच ही अडचण सुरू होते.

येथे सर्वांत उपयोगी कायदा आहे तो जैविक विविधता अधिनियम, २००२. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती सक्रिय करून लोकजैवविविधता नोंदवहीत सड्याची नोंद करावी. कोणत्या महिन्यात पाणी कोठे साचते, कोणत्या वनस्पती येतात, कोणते झरे कोणत्या कातळाखालून निघतात, हे सारे त्यात यावे. गुराखी आणि रानभाज्या काढणाऱ्या स्त्रिया यांच्याइतकी अचूक माहिती बाहेरच्या अभ्यासकाला एका फेरीत मिळणार नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली राज्य शासन जैविक वारसा स्थळ घोषित करू शकते. सिंधुदुर्गातच दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील मायरिस्टिकाची, म्हणजे रानजायफळाच्या कुळातील झाडांची, दलदल आणि आंबोलीचे हिरण्यकेशी मंदिराजवळील, एका छोट्या माशासाठी राखलेले, ठिकाण अशी घोषित झालेली आहेत. सड्यावर कातळशिल्पे असतील तर पुरातत्त्व विभागालाही कळवावे. कोकणातील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत.

प्रश्न: वाशिष्ठीच्या काठावर प्लॉट पाडण्यासाठी माती टाकली जात आहे. पूर येऊन गेल्यावरही हे कसे चालते? (चिपळूण)

नदीपात्र पाणथळ जागांच्या नियमांत येत नाही. तेव्हा येथे पूररेषा पाहावी. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध, आणि दोन रेषांमधील नियंत्रित मानले जाते. जलसंपदा विभागाचा पूररेषा नकाशा आणि नगरपरिषदेने त्या गटाला दिलेली परवानगी या दोन्ही कागदांच्या प्रती मागून एकमेकांशेजारी ठेवाव्यात. चिपळूणजवळ भरतीचा प्रभाव पोहोचतो. भराव त्या टप्प्यात असेल तर किनारी नियमन अधिसूचनाही लागू होते, आणि २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठचा नियमनाखालचा पट्टा पन्नास मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल तेवढा आहे. आधी तो शंभर मीटरपर्यंत होता. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या शहराने ही काटछाट आपल्या नकाशावर रेखून पाहावी.

प्रश्न: मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली आहे. अहवाल शेकडो पानांचा आहे. आम्ही मच्छीमारांनी त्यात काय पाहावे? (वेंगुर्ले तालुका)

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. मराठी सारांश मिळाला नसेल तर ती पहिली लेखी हरकत. गणसंख्येची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट नसल्याने बहिष्कार टाकला तरी सुनावणी पार पडते. म्हणून जाऊन बोलणेच शहाणपणाचे आहे, आणि लेखी म्हणणे आधी देऊन पोच घ्यावी.

अहवालातील पाहणीच्या तारखा प्रथम काढाव्यात. बऱ्याच प्रकल्पांना पावसाळा वगळून एका हंगामाची आधारभूत माहिती पुरते, आणि कोकणातील पाण्याचा अभ्यास पावसाळा वगळून केला तर वहाळ कोरडे, सडे उजाड आणि खाडीतील गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा वेगळ्याच जागी दिसते. नंतर खाडीतील मासेमारीच्या जागांचा नकाशा पाहावा. तिसऱ्या व कालवे हे शिंपले आणि चिंबोऱ्या कोठे काढल्या जातात, याचा उल्लेख नसेल तर गटवार यादी करून द्यावी, कारण होडी नसलेल्या स्त्रियांची ही कमाई मासळी उतरवण्याच्या बंदरावरील आकड्यांत येतच नाही. सुनावणीचे चित्रीकरण होते, आणि शेवटी इतिवृत्ताचा सारांश स्थानिक भाषेत वाचून दाखवून त्यावर त्याच दिवशी जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची स्वाक्षरी व्हावी लागते. ते वाचन होईपर्यंत मंडप सोडू नये, आणि आपला मुद्दा त्यात आला नसेल तर स्वाक्षरीपूर्वीच तो घालून घ्यावा.