गिअर डावीकडं आला आणि क्लच रुसला: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे एकाच गोष्टीचे आहेत, जुन्या गाडीचा गिअर एका पायावरून दुसऱ्या पायावर नेला अन् तेव्हापासून क्लच नीट नाही. म्हणून पहिलं उत्तर लांबलंय, बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

प्रश्न: काका नमस्कार, माझी जुनी चार गिअरची बुलेट आहे, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. रोजची गाडी वेगळी आहे, तिचा गिअर डावीकडं. दोनदा गडबडीत ब्रेक समजून गिअरवर पाय मारला, मग घाबरून डावीकडं गिअर नेणारा किट बसवून घेतला. आता सिग्नलला न्यूट्रल लागत नाही, पहिला टाकला की खाडकन आवाज येतो आणि क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढं सरकते. मिस्त्रीनं गिअरचा रॉड तीनदा कमीजास्त केला, काही फरक नाही, शेवटी क्लच वायर भरपूर ताणून दिली. आता न्यूट्रल तर लागत नाहीच, वर चढावर इंजिन ओरडतं अन् गाडी पळत नाही. गिअरबॉक्स उघडू का?

उत्तर: थांबा, एवढ्यात गिअरबॉक्स उघडू नका. तुमच्या गाडीला एकाच वेळी दोन उलटे आजार झालेत, क्लच पूर्ण सुटत नाही आणि पूर्ण धरतही नाही. वाचायला विचित्र वाटेल पण जुन्या गाडीत हे सर्रास होतं. क्लचच्या प्लेटा (एकमेकींवर आवळून इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या चकत्या) एका बाजूला चिकटून असतात म्हणून सुटत नाहीत, आणि वायर ताणल्यामुळं पुशरॉड (वायरीचा जोर क्लचपर्यंत नेणारी सळई) प्रेशर प्लेटला (बाकीच्या प्लेटांना आवळून धरणाऱ्या बाहेरच्या प्लेटला) कायमचा थोडा ढकलून धरतो म्हणून त्या नीट आवळल्याही जात नाहीत. यात गिअरच्या रॉडचा दोष असेल तर तो नंतरचा, आधी क्लच.

आता कन्व्हर्जनचा (गिअर डावीकडं नेण्याचा) आणि क्लचचा संबंध काय असं विचाराल. तुमच्या गाडीत क्लच डावीकडं चेनकेसमध्ये (इंजिनकडून क्लचकडं येणाऱ्या चेनच्या पेटीत) आहे, पण त्याला ढकलणारा आर्म उजवीकडं गिअरबॉक्सच्या कव्हरमध्ये, आणि मधला पुशरॉड गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या पोकळ भागातून आरपार जातो. गिअरची शाफ्ट डावीकडं काढायची म्हणजे बहुतेक किटमध्ये तेच उजवं कव्हर उघडावं लागतं. कव्हर निघालं की आर्म हलला, रॉड हलला, वायर सुटली, परत बसवताना गॅस्केट जाड-पातळ झालं, म्हणजे जुनं सेटिंग गेलंच समजा. पण लोक गिअर बदलला या नादात असतात, क्लच परत सेट करायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आधी एक परीक्षा करा, हत्यार काही लागत नाही. चावी बंद, गाडी न्यूट्रलला, क्लच पूर्ण दाबा आणि हळू किक मारा. या गाडीत किकचा जोर गिअरबॉक्समधून क्लचमार्गे इंजिनला जातो, म्हणून क्लच पूर्ण सुटलेला असेल तर किक मोकळी खाली गेली पाहिजे. इंजिन फिरायला लागलं, कॉम्प्रेशन पायाला जाणवलं, तर प्लेटा चिकटतायत. मग क्लच सोडून परत किक मारा, आता किक घसरत खाली गेली अन् इंजिन नीट फिरलं नाही तर क्लच स्लिप होतोय. तुमच्याकडं दोन्ही परीक्षा नापास होतील असा माझा अंदाज. (रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा तेलानं तशाही चिकटतात, म्हणून जुनी माणसं सकाळी क्लच दाबून चार-पाच किका मारून मगच चावी फिरवायची, ती सवय चांगली आहे. ही परीक्षा प्लेटा अशा मोकळ्या करून मगच घ्या.)

आता सेटिंग. माझा एकच आग्रह आहे, क्लचपासून सुरू करून हँडलकडं यायचं, हँडलपासून क्लचकडं कधीच जायचं नाही. सगळे उलटं करतात कारण हँडलचा ॲडजस्टर हाताला लागतो आणि आतला स्क्रू झाकणाखाली असतो.

वायर पूर्ण ढिली करा, इतकी की हँडलचा लीव्हर लटकला पाहिजे. डावीकडचं चेनकेस उघडा, त्याचं कव्हर एकाच नटावर असतं, खाली तेलासाठी ट्रे ठेवा. आता वायर जराशी ओढून प्रेशर प्लेट उचलली जाईल एवढं बघा आणि कुणाला तरी किक हळू दाबायला सांगा. फिरताना प्लेट डगमगत असेल, एका बाजूला जास्त उचलत असेल, तर तुमचं न्यूट्रल तिथं अडकलंय. स्प्रिंगचे स्क्रू असतात ते जिथं प्लेट जास्त उचलतेय तिथं थोडे आवळा, जिथं कमी तिथं थोडे सैल, अर्धा अर्धा फेरा करत, दर वेळी परत बघा. याला वेळ लागतो, मला पहिल्यांदा अख्खी दुपार लागली होती. सगळेच स्क्रू गच्च आवळून मोकळं व्हायचा मोह होतो पण मग लीव्हर दगड होतो आणि स्प्रिंगा पूर्ण दबून प्लेट उचलायला जागाच उरत नाही. प्लेटा बाहेर काढल्याच तर क्लच ड्रमच्या खाचा बघा, प्लेटांच्या कानांनी तिथं घाव पाडलेले असतात, प्लेट त्यात अडकली की कितीही सेटिंग करा चिकटणारच. घाव बारीक असतील तर कानशीनं साफ होतात.

मग उजवीकडं या. कव्हरवर छोटं झाकण असतं, त्याच्या आत क्लचचा स्क्रू आणि चेकनट. चेकनट ढिला करून स्क्रू बोटाच्या जोरानं आत घ्या, रॉडला टेकला की हाताला कळतं, तिथून साधारण पाव ते अर्धा फेरा मागं घ्या आणि स्क्रू पान्यानं धरून ठेवून चेकनट आवळा. धरला नाही तर नटाबरोबर स्क्रूही फिरतो अन् तुम्ही परत सुरुवातीला. यानंतरच वायर. हँडलच्या लीव्हरला पहिला 2-3 मिलिमीटर भाग मोकळा राहिला पाहिजे, म्हणजे तेवढं अंतर वायरीला काही ओढायचं नसतं. आर्म आणि वायर यांचा कोन लीव्हर अर्धा दाबलेला असताना काटकोनाच्या जवळपास यावा, नाहीतर हाताचा जोर वाया जातो आणि उचल कमी पडते.

हा 2-3 मिलिमीटरचा प्ले म्हणजे चोचले नव्हेत. प्ले नसला की रॉडवर कायम दाब राहतो, एक टोक फिरतंय, एक स्थिर, दोघांत घर्षण, रॉडचं टोक तापून निळं पडतं, स्टीलचं पाणी उतरतं म्हणजे कडकपणा जातो आणि मग ते खडूसारखं झिजतं. रॉड आखूड झाला की प्ले वाढतो, माणूस परत वायर ताणतो, परत तेच. मी स्वतः एक रॉड असाच खाल्लाय अन् दोन महिने वायरीला शिव्या देत होतो.

आणखी एक लक्षात ठेवा, यात भलेभले फसतात. वायर लांबली की प्ले वाढतो, पण प्लेटा झिजल्या की प्ले कमी होतो, कारण प्लेटांचा थर पातळ झाल्यावर प्रेशर प्लेट आत सरकते आणि रॉडला आर्मकडं ढकलते. म्हणून न हात लावता प्ले आपोआप संपत चाललाय असं दिसलं तर वायर चांगली म्हणून खूश होऊ नका, प्लेटा बघा.

शेवटी हँडल पूर्ण डावीकडं अन् पूर्ण उजवीकडं वळवून दोन्हीकडं लीव्हरचा प्ले तपासा. कन्व्हर्जनमध्ये वायरीचा रस्ता बदललेला असतो, कुठंतरी नव्या शाफ्टला किंवा ब्रेकच्या आडव्या रॉडला घासत असते, हँडल वळवलं की ताण बसतो अन् वळणावरच क्लच सुटतो. गाडी चांगली तापल्यावर प्ले परत एकदा बघा.

एवढं झाल्यावर गिअरचा रॉड. मिस्त्रीनं तीनदा कमीजास्त केला म्हणता पण कशाच्या आधारानं? रॉड सोडवा, गिअरबॉक्सवरचा आर्म त्याच्या स्प्रिंगनं आपोआप मध्यावर येऊ द्या, डाव्या पायाचं पॅडल तुम्हाला सोयीच्या उंचीवर धरा, आणि रॉडची लांबी अशी ठेवा की पिन जोर न लावता भोकात पडेल. पिन हातोडीनं बसवावी लागली तर आर्म मध्यावर नाही, आतला घोडा (रॅचेटची खिट्टी, जी दर धक्क्याला एकेक गिअर पुढं ढकलते) मागं येत नाही आणि पुढचा गिअर पकडत नाही. नंतर दुसऱ्या गिअरमध्ये टाकून पॅडल वर आणि खाली दोन्हीकडं सारखंच मोकळं हलतंय का बघा. सारखं नसेल आणि रॉड बरोबर असेल तर उजव्या कव्हरमधली रॅचेटची प्लेट सरकवून ते जुळवता येतं. सांध्यांचा ढिलेपणाही मोजा, प्रत्येक सांधा थोडा थोडा ढिला असला तरी पॅडलच्या टोकाला तो भरपूर दिसतो, आणि मग दोन गिअरांच्या मध्ये खोटं न्यूट्रल मिळत राहतं.

प्रश्न: कन्व्हर्जननंतर माझ्या बुलेटचा पहिला गिअर अजून वरच लागतो, बाकीचे खाली. माझ्या दुसऱ्या गाडीत पहिला खाली आहे. किट चुकीचा बसला का?

उत्तर: चुकीचा नाही. शाफ्ट सरळ आरपार गेली आणि दोन्हीकडं पॅडल पुढंच असलं तर पायाची दिशा तीच राहते, पहिला वर होता तो वरच. दिशा उलटायची तर मधल्या रॉडचा एक आर्म वर अन् दुसरा खाली असा लावावा लागतो, म्हणजे एक पुढं गेला की दुसरा त्याला उलटा फिरवतो. काही किटमध्ये ती सोय असते. मला विचाराल तर उलटवून घ्या, नाहीतर पाय बदलला पण डोक्यातला गोंधळ तसाच राहिला, मग कन्व्हर्जन केलं कशाला. अमेरिकेनं 1975 च्या मॉडेलांपासून गिअर डावीकडं सक्तीचा केला तेव्हा ब्रिटिश कंपन्यांनाही हीच कसरत करावी लागली होती, नॉर्टन कमांडोच्या मार्क 3 मध्ये त्या वर्षी आडवी शाफ्ट टाकूनच गिअर डावीकडं आणला. तेव्हा तुमच्या गाडीला लाज वाटायचं काही कारण नाही.

प्रश्न: गिअर बदलताना हँडलचे लीव्हरही नवे टाकले. आता क्लच हलका झालाय, मस्त वाटतं, पण गिअर टाकताना करकर येते. प्ले बरोबर ठेवलाय.

उत्तर: मस्त वाटतं तिथंच गडबड आहे. लीव्हरच्या पिनेपासून वायरीच्या निपलपर्यंतचं (लीव्हरमध्ये अडकणाऱ्या टोकापर्यंतचं) अंतर मोजा, जुना लीव्हर ठेवला असेल तर त्याचंही. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या लीव्हरांत हे अंतर दोन मापांत येतं, 7/8 इंच म्हणजे साधारण 22 मिलिमीटर, आणि 1 1/16 इंच म्हणजे साधारण 27. 27 च्या जागी 22 आलं की हात तेवढाच दाबला तरी वायर जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी ओढली जाते. हाताला हलकं लागतं पण प्लेट पुरेशी उचलत नाही. त्याला ॲडजस्टमेंटनं उपाय नाही, लीव्हर बदला. जडपणा खुपत असेल तर वायरीला तेल सोडा, अरुंद वळणं काढा, आर्मचा कोन बघा. जड क्लच ही जुनीच तक्रार आहे, हार्लेनं 1952 मध्ये मोठ्या गाड्यांना पायाचा गिअर अन् हाताचा क्लच दिला तेव्हा हाताला मदत म्हणून फ्रेमवर एक स्प्रिंगची यंत्रणा बसवली होती, तिला लोक अजून माऊसट्रॅप म्हणतात. तिचं सेटिंग चुकलं तर लीव्हर दाबलेलाच राहतो, त्यामुळं नाव चपखल आहे.

प्रश्न: माझ्या येझदीत गिअर टाकताना क्लच आपोआप सुटायचा, आता हाताचा क्लच नीट केल्यापासून ते बंद झालं.

उत्तर: जावा-येझदीत गिअर पॅडल दाबलं की तेच पॅडल आतून क्लचही उचलतं, म्हणजे एका क्लचला दोन मालक, हात आणि पाय. तुम्ही बहुतेक आतला स्क्रू जास्त मागं घेतला आणि तो प्ले वायर ताणून भरून काढला. हाताला फरक कळत नाही पण पायाकडून येणारी उचल त्या मोकळ्या अंतरातच संपते. वायर ढिली करा, आतला स्क्रू टेकवून किंचित मागं घ्या, मग वायर. फार टेकवूनही ठेवू नका, क्लच घसरायला लागेल. क्रम वरच्यासारखाच, आतून बाहेर.

प्रश्न: सगळं सेट करूनही क्लच स्लिप होतो, प्लेटा नव्या आहेत. चेनकेसमध्ये कारचं भारी सिंथेटिक तेल घातलंय.

उत्तर: उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, कारचा क्लच कोरडा असतो त्यामुळं तिला चालतं, तुमच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या आहेत. डब्यावर जासो एमए (तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं तेल घ्या. प्लेटा काढून पेट्रोलनं धुवून, वाळवून परत लावा, नुसतं तेल बदलून लगेच फरक पडेलच असं नाही.

प्रश्न: गिअर डावीकडं गेला तसा ब्रेक उजवीकडं आला. ब्रेक लागतो, पण स्पंजासारखा.

उत्तर: बुलेटचा मागचा ड्रम डावीकडं, पॅडल आता उजवीकडं, म्हणजे मध्ये आडवी शाफ्ट किंवा वायर आली. पॅडल दाबून धरा आणि कुणाला तरी शाफ्ट बघायला सांगा, ती पिळत असेल किंवा तिचा ब्रॅकेट वाकत असेल तर स्पंज तिथंच आहे, ड्रम उघडू नका. ब्रॅकेटला आधार द्या, बुशांचा ढिलेपणा काढा, ड्रमवरचा आर्म ब्रेक लागलेला असताना रॉडशी काटकोनात येतोय का बघा. आणि ब्रेक लाइटचा स्विच जुन्या पॅडलवरच राहिला असेल, तो नव्यावर आणा, मागच्याला कळलं पाहिजे तुम्ही थांबताय ते.