ब्रुकलिनचा चेंडू विकावा का?

न्यू जर्सीतील एका वाचक भगिनींच्या अमेरिकन यजमानांना गेल्या वर्षी वडिलांच्या निधनानंतर बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा संग्रह वारशाने मिळाला. तो आता विकावा की भाव वाढेपर्यंत राखून ठेवावा, असे त्यांनी विचारले आहे. आजेसासऱ्यांनी १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या एबेट्स फील्ड या मैदानावर, आधुनिक मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन आणि त्या संघाच्या इतर खेळाडूंच्या सह्या घेतलेला चेंडू, १९५०च्या दशकातील टॉप्स कंपनीची, खेळाडूंची चित्रे असलेली दोनेकशे कार्डे आणि सासऱ्यांनी १९८८ ते १९९२ या काळात जमवलेल्या कार्डांची सहा खोकी, असा हा ऐवज आहे. त्याचे दोन लाख डॉलर येतील, असे त्या दोघांनी धरले आहे. शिवाय ती रक्कम चालू विमा पॉलिसीत एकदम भरावी, असे ती पॉलिसी विकणाऱ्या परिचित गृहस्थांनी सुचवले आहे.

प्रथम चेंडूबद्दल. आपण पाठवलेल्या छायाचित्रात नॅशनल लीगच्या, म्हणजे डॉजर्स ज्या लीगमध्ये खेळत तिच्या, अधिकृत छापाजवळ वॉरन गाइल्स यांची छापील सही स्पष्ट वाचता येते. गाइल्स १९५१ मध्ये लीगचे अध्यक्ष झाले. त्याआधीच्या चेंडूंवर फोर्ड फ्रिक यांचे नाव असे. त्यामुळे हा चेंडू १९४७ चा, म्हणजे रॉबिन्सन यांच्या पहिल्या हंगामातला, असू शकत नाही. रॉबिन्सन १९५६ पर्यंत डॉजर्सकडून खेळले, तेव्हा सह्या १९५२ ते १९५६ या काळातल्या आणि खऱ्या असण्याची शक्यता उरतेच. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या हकिकतीत सालाची चूक होणे स्वाभाविक आहे आणि त्यामुळे आजेसासऱ्यांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. बाजार मात्र हकिकतीला पैसे देत नाही. तो त्या दिवसाचे तिकीट, मागे तारीख लिहिलेले छायाचित्र, जुने पत्र अशा पुराव्याला आणि सह्यांच्या तज्ज्ञ तपासणीला पैसे देतो. त्या काळी खेळाडूंच्या वतीने क्लबहाउसमधील कर्मचारी सर्रास सह्या करून देत, आणि पुढे बनावट सह्यांचा धंदा इतका फोफावला की एफबीआयला १९९०च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम चालवावी लागली. पीएसए किंवा जेएसए या सह्यांची सत्यता तपासणाऱ्या कंपन्यांकडून सह्या तपासून घेतल्याशिवाय या चेंडूला कोणताही भाव लावण्यात अर्थ नाही. तोवर चेंडू तळघरातून वर आणावा, उन्हात ठेवू नये आणि पुसूनही काढू नये, कारण शाई एकदा फिकी पडली की ती परत येत नाही.

दोन लाखांचा आकडा कोठून आला, हे आपल्या पत्रातच आहे. विख्यात बेसबॉलपटू मिकी मँटल यांचे १९५२ चे टॉप्स कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, ही बातमी यजमानांनी वाचली. ते कार्ड जवळजवळ निर्दोष अवस्थेत होते, म्हणूनच त्याला तो भाव आला. आपल्याकडे मँटल यांचे कार्ड नाही, आणि जी कार्डे आहेत त्यांचे कोपरे मुडपलेले आहेत. सहा खोक्यांतील कार्डे तर अशा काळातली आहेत, जेव्हा कंपन्यांनी ती बेसुमार छापली. त्यांतून फारसे काही हाती लागणार नाही. सह्या अस्सल ठरल्या तरी सगळे मिळून पंधरा हजार डॉलर धरावेत, आणि तपासणी व लिलावाचे कमिशन वजा जाता बारा हजार. कराची चिंता फारशी नाही. वारशाने मिळालेल्या वस्तूची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते, त्यामुळे त्यानंतर जी वाढ होईल तेवढ्यावरच, जास्तीत जास्त २८ टक्क्यांनी, केंद्रीय (फेडरल) कर लागेल. त्या दिवसाच्या किमतीचे लेखी मूल्यांकन मात्र आताच करून ठेवावे.

माझे मत असे की कार्डे विकावीत आणि चेंडू ठेवावा. यजमानांच्या आत्या हयात असतील, तर त्यांना जे आठवते ते लिहून घेऊन चेंडूसोबत ठेवावे.

आता जे आपण विचारलेले नाही, त्याबद्दल. पत्राच्या शेवटी एका ओळीत आपण लिहिले आहे की, इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीचा, म्हणजे परतावा शेअर निर्देशांकाशी जोडलेल्या आयुर्विम्याचा, दरमहा एक हजार डॉलरचा हप्ता भरता यावा म्हणून यजमानांनी तीन वर्षांपूर्वी ४०१(के) या नोकरीतील निवृत्ती-बचत खात्यासाठी पगारातून होणारी कपात बंद केली. ही ओळ वाचून मला फार वाईट वाटले, कारण या पत्रातले खरे नुकसान तिच्यात आहे. त्यांचा वार्षिक पगार एक लाख दहा हजार डॉलर, आणि कंपनी पाच टक्क्यांपर्यंत कपातीइतकीच भर घालते. म्हणजे वर्षाला साडेपाच हजार डॉलर कंपनी देऊ करत होती आणि तीन वर्षांत साडेसोळा हजार आपण नाकारले. पॉलिसीत छत्तीस हजार भरले, आणि आज ती मोडल्यास आपल्या विवरणपत्राप्रमाणे पंधरा हजार हाती येतील, म्हणजे एकवीस हजारांची तूट. दोन्ही मिळून साडेसदतीस हजार, म्हणजे संपूर्ण संग्रहातून हाती येणाऱ्या बारा हजारांच्या तिप्पट.

‘करमुक्त निवृत्तिवेतन’ म्हणून ही पॉलिसी आपल्या समाजाच्या मेळाव्यांत ज्या पद्धतीने विकली जाते, त्याचा मला मनापासून राग आहे. बाजार पडला तरी तोटा नाही, एवढेच सांगितले जाते. परताव्याला वरची मर्यादा असते, त्यात शेअर्सचा लाभांश धरला जात नाही, शून्य परताव्याच्या वर्षीही विम्याचा खर्च वळता होतो आणि तो वयाबरोबर वाढत जातो, हे कोणी सांगत नाही. आता सुचवलेला एकरकमी भरणा तर आणखी घातक आहे. मर्यादेबाहेर रक्कम भरल्यास पॉलिसी ‘मॉडिफाइड एंडाउमेंट कॉन्ट्रॅक्ट’ ठरते, आणि पॉलिसीवर मिळणाऱ्या ज्या करमुक्त कर्जाच्या नावाखाली ती विकली गेली तीच सवलत जाते. कार्डांचे पैसे त्यात एक डॉलरही घालू नयेत.

यजमानांनी पुढच्या पगारापासून पाच टक्क्यांची कपात पुन्हा सुरू करावी. त्यांचे साडेपाच आणि कंपनीचे साडेपाच असे वर्षाला अकरा हजार, सहा टक्के दराने वीस वर्षांत सुमारे चार लाख होतात. संग्रहाकडून ज्याची आशा धरली होती, त्याच्या हे दुप्पट आहे आणि त्यासाठी कोणत्याही लिलावाची वाट पाहावी लागत नाही. पॉलिसी मोडावी असेच मला वाटते, परंतु क्रम चुकवू नये: आधी वीस वर्षांचा साधा टर्म विमा (ठरावीक मुदतीत मृत्यू झाल्यासच रक्कम देणारा, बचत नसलेला विमा) घ्यावा, तो लागू झाल्याचे पत्र हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सोडावी, आणि तत्पूर्वी विमा कंपनीकडून आजचे सरेंडर मूल्य (पॉलिसी मोडल्यास हाती येणारी रक्कम) व पुढील वर्षांचा खर्च लेखी मागवावा. यजमान पंचेचाळीस वर्षांचे आहेत. आरोग्य तपासणीत आज जो दर मिळेल तो पन्नाशीत मिळेलच असे नाही, म्हणून टर्म विम्याचा अर्ज याच महिन्यात करावा.